पटावर पाव विद्यार्थी : शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय : जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका व अनुदानित शाळांत इयत्ता नववी ते बारावीला ठरावीक विषयांपुरता अंशकालीन प्रवेश देण्याबाबत.

महोदय / महोदया,

शाळेच्या जनरल रजिस्टरला विद्यार्थ्याच्या दोनच अवस्था माहीत आहेत : दाखल आणि खारीज. दाखल असेल तर प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत तो सगळ्या विषयांना आहे असे धरायचे. दाखला घेऊन गेला की तो एकाही विषयाला नाही. या दोहोंच्या मधली जागा रजिस्टरात नाही, म्हणून ती यूडायस या केंद्राच्या शालेय माहिती प्रणालीत नाही आणि शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या तक्त्यातही नाही. हे पत्र त्या मधल्या जागेबद्दल आहे. आम्ही कायदा बदलून मागत नाही आणि तूर्त नवी पदेही मागत नाही. नववीपासून पुढच्या वर्गांत ज्या विषयाच्या तासिकेला बाक रिकामा आहे, तिथे त्या विषयापुरता विद्यार्थी बसवायची शाळेला मुभा द्यावी आणि त्याची नोंद पटावर तेवढ्याच प्रमाणात घ्यावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.

'अंशकालीन' हा शब्द खात्याला नवा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत. शिकवणारा अंशकालीन चालतो. शिकणारा अजून चालत नाही.

आज या मुलांसाठी जी वाट आहे तिला बोलीभाषेत 'सतरा नंबर' म्हणतात. १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसायचे, म्हणजेच 'बाहेरून बसायचे'. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणजे आधीच्या शाळेतून नाव कमी झालेलेच असते. मंडळ त्या विद्यार्थ्याला एक संपर्क केंद्र देते. हे संपर्क केंद्र म्हणजे जवळची एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय. तिथे कागद द्यायचे, तोंडी आणि प्रात्यक्षिकाला जायचे, हॉल तिकीट घ्यायचे. या सगळ्यात शिकवणे कुठेच येत नाही. ज्या इमारतीत तोच विषय त्याच आठवड्यात शिकवला जात असतो, तिच्या कार्यालयाच्या खिडकीपर्यंतच या मुलाला प्रवेश असतो.

लेखी परीक्षेचे एक वेळ निभावते. पुस्तके बालभारतीची, प्रश्नपत्रिकांचे संच बाजारात आणि मोबाइलवर शिकवण्या फुकट. गाडी अडते ती अंतर्गत गुणांपाशी. दहावीला भाषांच्या १०० गुणांतले २० अंतर्गत असतात, गणिताचे लेखी ४० अधिक ४० आणि वर २० अंतर्गत, विज्ञान-तंत्रज्ञानाचे लेखी ८० आणि प्रात्यक्षिकाचे २०. बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या प्रत्येकी ७० अधिक ३०. वर्षभराच्या कामावर द्यायचे हे गुण. बाहेरून बसलेल्या मुलाचे वर्षभराचे काम कुणी पाहिलेलेच नसते. मग परीक्षेच्या तोंडावर दोन-तीन दिवस बोलावून प्रयोगवही उतरवून घेतली जाते, सह्या होतात आणि अंदाजाने गुण पडतात. कुणी लबाडी करते म्हणून हे होते असे नाही. केंद्राकडे दुसरा उपायच ठेवलेला नाही.

दहावीचा एकच प्रयोग घ्या : बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढणे. साहित्य मोजकेच, भिंग, भिंगाचा स्टँड, पांढरा पडदा आणि मीटरपट्टी. भिंग खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाकडे धरायचे, पडदा मागेपुढे सरकवत झाडाची उलटी प्रतिमा रेखीव करायची, भिंग ते पडदा अंतर मोजायचे. पुस्तकात हे चार ओळींत संपते. हातात घेतले की चुका सुरू होतात. पट्टीचा शून्य भिंगाच्या मध्याशी न धरता स्टँडच्या कडेशी धरला जातो, की प्रत्येक वाचनात तीच अर्धा सेंटिमीटरची चूक. भिंग किंचित तिरपे बसते, प्रतिमेची एक बाजू रेखीव आणि दुसरी पुसट. आणि सगळ्यात हमखास चूक : बाहेर जायचा कंटाळा म्हणून मुले खोलीतल्याच दिव्याची प्रतिमा घेतात. १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने १ मीटरवरच्या दिव्याची प्रतिमा ११.१ सेंटिमीटरवर पडते. ३ मीटरवरची खिडकी घेतली तर १०.३ वर. 'लांबची वस्तू' म्हणजे किती लांबची, हा त्या प्रयोगाचा गाभा, आणि तो पडदा स्वतः सरकवल्याशिवाय कळत नाही. बाहेरून बसलेली मुलगी सूत्र बिनचूक लिहिते. तोंडीला 'तुझं उत्तर ११.१ का आलं?' असे विचारले की गप्प होते, कारण तिचे उत्तर आलेलेच नसते. ते कुणाच्या तरी वहीतून उतरवलेले असते.

ही मुले कोण? सकाळी गॅरेजमध्ये किंवा दुकानात उभा राहणारा सोळा वर्षांचा मुलगा. धाकट्या भावंडांमुळे निम्मा दिवस घरात अडकलेली मुलगी. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारी थॅलेसेमियाची मुले. दिवसाला दोन वेळा सराव असलेले खेळाडू. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात नाव असलेले, घरी अभ्यास करणारे. यांतल्या कुणालाही ४५ तासिकांचा आठवडा झेपत नाही किंवा नको आहे. पण १४ तासिका झेपतात. रात्रशाळा आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. त्या मोजक्या शहरांत आहेत, आणि दिवसा अडलेल्यांसाठी आहेत. ज्याला दुपारचे दोन तास मोकळे मिळतात त्याला रात्रशाळेचा उपयोग नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले आम्ही या यादीत मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांना शिक्षण हमी कार्ड, हंगामी वसतिगृह आणि पोहोचतील त्या गावी पूर्ण शाळा मिळाली पाहिजे. अर्ध्या शाळेची पळवाट तिथे निघाली तर ती मुले फडावरच राहतील. त्याच कारणाने ही सवलत चौदा वर्षांखालील मुलांना सरसकट देऊ नये. सहा ते चौदा हा कलम २१-अ आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा प्रांत आहे. तिथे पहिली ते पाचवीला वर्षाला ८०० तास आणि सहावी ते आठवीला १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे, ते कमी करायला कुणाला वाट नको. अपवाद एकच, आणि तो कायद्यातच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. रोज शाळेत न येणारे मूलही शाळेचे असू शकते हे खात्याने तिथे मान्य केले आहेच. तेच तत्त्व नववीपासून पुढे, शिक्षण हक्क कायद्याची वयोमर्यादा संपते तिथे, वेगळ्या कारणांसाठी लावायचे आहे. तिथे माध्यमिक शाळा संहिता आणि शासन निर्णय एवढ्यावर काम भागते.

आता मोजणीकडे वळू, कारण मुख्याध्यापक नाही म्हणतात ते मनाने नव्हे, आकड्याने.

आठवड्याच्या ४५ तासिका धरा, सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ५. गणिताच्या ७ आणि विज्ञानाच्या ७ तासिकांना बसणारी मुलगी १४ तासिकांची विद्यार्थिनी. १४ भागिले ४५ म्हणजे ०.३१. अशा दहा जणी म्हणजे पटावर ३.१. इतके साधे गणित आज कुठल्याही नमुन्यात भरता येत नाही, कारण सगळीकडे पूर्णांकच लागतो. तिला १ धरले तर पट फुगतो आणि ती उरलेल्या ३१ तासिकांना गैरहजर दिसते. वर्षअखेर तिची हजेरी ३१ टक्के निघते आणि नियमित विद्यार्थ्यासाठी लागणारी ७५ टक्क्यांची अट ती जन्मात पुरी करू शकत नाही. तिला ० धरले तर ती वर्गात बसलेली असताना कागदावर नसते. उद्या प्रयोगशाळेत हात भाजला तर विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव कुणाच्या नावाने करायचा? कोणताही शहाणा मुख्याध्यापक पटावर नसलेले मूल वर्गात बसवणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकाच्या संमतीने मूल काही दिवस शाळेत आणि काही दिवस घरी शिकू शकते. पण घरच्या दिवसांची नोंद रजा म्हणून होत आली. त्यामुळे शाळेच्या हजेरीची टक्केवारी घसरते, तपासणीत प्रश्न येतात आणि संमती द्यायला शाळा कचरतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने उलट केले : सार्वजनिक शाळांनी अंशकालीन विद्यार्थी घ्यावेत असे कायद्यातच आहे, आणि शाळेला पैसे त्या विद्यार्थ्याच्या वेळेच्या प्रमाणात मिळतात. आयडाहो आणि आयोवा या राज्यांतही दुहेरी नोंदणीची तरतूद आहे. आपण नक्कल कुणाचीच करू नये. पण मोजणी चुकली की सदिच्छा वाया जाते, हे तिकडेही दिसते.

म्हणून नोंदीची पद्धत आम्ही सुचवतो ती अशी. जनरल रजिस्टरमध्ये नियमित क्रमांकांच्या मालिकेत या विद्यार्थ्यांना घुसडू नये. त्यांची वेगळी मालिका ठेवावी, प्रत्येक क्रमांकापुढे 'अं' हे अक्षर. रकाने नेहमीचेच, शिवाय तीन जादा : विषय, आठवड्याच्या तासिका, आणि परीक्षेची नोंदणी कुठे आहे (राज्य मंडळ खाजगी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, राज्य मुक्त विद्यालय). हजेरीपत्रक विषयवार, तासिकेप्रमाणे, आणि टक्केवारी नेमलेल्या तासिकांवर काढायची, ४५ वर नाही. या हजेरीला ७५ टक्क्यांचीच अट ठेवावी. त्यात सवलत नको. बाहेर पडताना शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा नाही, विषय पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र द्यायचे : कोणता विषय, किती तासिका, किती प्रयोग. दाखला दिला की तो पुढे नियमित शिक्षणाचा पुरावा म्हणून फिरेल, आणि ते कुणाच्याच हिताचे नाही.

यूडायस प्लसमध्ये अडचण वेगळी आहे. एका विद्यार्थ्याचा पेन नंबर, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, एका वेळी एकाच शाळेत चालू राहतो. सतरा नंबरवाला आधीच्या शाळेतून सुटला आणि पुढच्या शाळेने ओढून घेतला नाही, की तो ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्यांच्या यादीत, पडून राहतो आणि शाळाबाह्य म्हणून त्याचा शोध सुरू होतो. शिक्षक त्याच्या घरी जातात, तो अभ्यास करताना सापडतो, आणि तरीही नोंद कशी करायची ते कुणाला कळत नाही. ही प्रणाली केंद्राची, त्यामुळे राज्याला तिच्यात लगेच हात घालता येणार नाही. पण सरल ही विद्यार्थी नोंदीची प्रणाली राज्याची आहे. तिथे 'अंशकालीन' हा एक प्रकार आणि तासिकांचा एक रकाना वाढवणे राज्याच्या हातात आहे. केंद्राकडे मागणी नंतर करता येईल, तेव्हा हाताशी दोन वर्षांचे आकडे असतील.

संच मान्यतेबद्दल आमच्यातही दोन मते आहेत. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात, त्यामुळे ०.३१ सुद्धा मोजावे असा आग्रह काहींचा आहे. संच मान्यतेचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांना प्रत्येक मूल महत्त्वाचे झाले आहे हे खरे. पण ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुले खरोखर आहेत का याची राज्यभर झालेली मोजणी, महाराष्ट्र विसरलेला नाही. एका दिवसासाठी दुसऱ्या शाळेतून मुले आणून बसवण्याचे प्रकार तेव्हा उघडे पडले. पूर्ण विद्यार्थी खोटा दाखवता येत असेल तर पाव विद्यार्थी दाखवणे त्याहून सोपे. आम्ही अखेर असे ठरवले : पहिली दोन वर्षे अपूर्णांक नोंदवावा, पण तो पदांना जोडू नये. त्याच्या प्रमाणात प्रयोगशाळेचे साहित्य आणि सादिल (किरकोळ खर्चाचे अनुदान) तेवढे द्यावे. कागदावर खोटी मुले आणून कुणाला पद मिळणार नसेल, तर खोटी मुले येणारही नाहीत.

वेळापत्रक हे खरे दुखणे, आणि त्यावर परिपत्रकात कुणी लिहीत नाही. शाळेचे वेळापत्रक शिक्षकाच्या सोयीने लागते, विषयाच्या नव्हे. गणिताचा तास सोमवारी पहिला, मंगळवारी पाचवा, बुधवारी शेवटचा. दिवसभर शाळेतच असलेल्या मुलाला काही फरक पडत नाही. दोन विषयांसाठी येणाऱ्याला दोन तासांच्या शिक्षणासाठी पाच तास आवारात काढावे लागतात. मग तो तिसऱ्या आठवड्यात येईनासा होतो. त्यासाठी शाळेने एक तुकडी, सगळ्या नव्हेत, 'खुली तुकडी' म्हणून ठरवावी आणि तिचे गणित व विज्ञान एकाला लागून एक लावावे. विज्ञानाची जोडतासिका आठवड्यातून एकदा तरी त्याच पट्ट्यात हवी, कारण ३५ मिनिटांच्या एका तासिकेत साहित्य मांडण्यात सात-आठ मिनिटे आणि आवरण्यात पाच मिनिटे जातात. प्रयोगाला उरतो जेमतेम वीस मिनिटांचा वेळ.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना इथे एक सोय आहे, ती सहसा लक्षात येत नाही. सकाळ सत्राच्या शेवटच्या तीन तासिका १०.३० ते १२.१५ आणि दुपार सत्राच्या प्रार्थनेनंतरच्या पहिल्या दोन १२.४५ ते १.५५ अशा असतील, तर साडेदहाला आलेला मुलगा सकाळच्या तुकडीत विज्ञान आणि दुपारच्या तुकडीत गणित करून दोनच्या आत बाहेर पडतो. त्याचे दुकान सकाळी साडेदहापर्यंत आणि दुपारी दोननंतर चालू शकते. एकाच सत्राच्या शाळेत हे जमत नाही. तिथे पट्टा पहिल्या तीन किंवा शेवटच्या तीन तासिकांचा ठेवावा, मधला कधीच नाही. शनिवारची शाळा सकाळची असते आणि तिची वेळ वेगळी, म्हणून पट्ट्यात शनिवार धरू नये.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. वेळापत्रक जूनमध्ये लागते आणि जुलैत मोडते, कारण कुणाची बदली होते, कुणी प्रसूती रजेवर जाते, कुणाला निवडणुकीचे किंवा सर्वेक्षणाचे काम लागते. नियमित मुलांना बदली तास मिळतो. खुल्या तुकडीचा पट्टा हलला तर अंशकालीन मुलाचा तो दिवसच जातो. नियम असा हवा की वर्षात पट्टा हलवायचा तर आठ दिवस आधी लेखी कळवायचे, आणि दोन्ही विषयांचे तास एकत्रच हलवायचे. दुसरे, प्रयोगाच्या तुकडीत २० मुले, पाच-पाचांचे चार गट आणि साहित्याचे चार संच असतील, तर चार मुले वाढल्यावर गट सहा-सहाचे होतात आणि सहाव्याचा हात भिंगाला लागत नाही. एकच जादा संच आला की पुन्हा पाच-पाचांचे गट होतात, फक्त एक चौघांचा. वर म्हटलेले साहित्य अनुदान नेमके यासाठी. तिसरे, शिक्षकाने मागच्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला दिलेली सूचना ('उद्या चाचणी आहे') या मुलापर्यंत पोचत नाही. सूचना फलकावर खुल्या तुकडीसाठी वेगळा चौकोन आखणे, एवढाच त्यावर उपाय आहे. व्हॉट्सॲप गटावर विसंबू नये, कारण यांतल्या अनेकांकडे स्वतःचा फोन नसतो.

प्रवेशाची रीत सोपी असावी. शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत मुख्याध्यापकाने खुल्या तुकडीत कोणत्या विषयाला किती जागा आहेत ते फलकावर लावावे. मंजूर क्षमतेत नियमित प्रवेश झाल्यावर उरलेल्याच जागा. अर्ज एका पानाचा, सोबत आधीच्या शाळेच्या दाखल्याची प्रत, आधार आणि परीक्षेच्या नोंदणीचा पुरावा किंवा नोंदणी करू असे हमीपत्र. विषय किमान दोन, तासिका किमान १० आणि कमाल २७, म्हणजे आठवड्याच्या ६० टक्क्यांपर्यंत. २७ च्या वर जाणाऱ्याने नियमितच प्रवेश घ्यावा. पहिले चार आठवडे चाचणीचे : त्यात मूल टिकले नाही तर नाव कमी, कुणावर ठपका नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नवा प्रवेश नको, वैद्यकीय कारण सोडून. ओळखपत्रावर येण्याजाण्याच्या वेळा छापाव्यात, म्हणजे फाटकावर रोज वाद होणार नाही. पोषण आहार आठवीपर्यंतच असल्याने त्याचा प्रश्न येत नाही.

संपर्क केंद्र आणि शिकायची शाळा एकच ठेवावी. या सूचनेला आम्ही सगळ्यात जास्त महत्त्व देतो. ज्या शिक्षिकेने वर्षभर मुलाला प्रयोग करताना पाहिले तिनेच २० पैकी गुण द्यावेत. शाळा एक आणि केंद्र दुसरे ठेवले तर प्रयोगवही पिशवीतून प्रवास करील आणि गुण पुन्हा अंदाजाने पडतील. मंडळाकडे संपर्क केंद्रांची यादी तयार आहे, त्यांचे अधिकार ठरलेले आहेत. त्याच यादीतल्या इच्छुक शाळा निवडायच्या.

गैरवापर दोन बाजूंनी होईल, आणि तो होणारच असे धरून नियम लिहावेत.

पहिला क्लासवाल्यांकडून. अकरावी-बारावी विज्ञानाला 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली मुलाचे नाव एका महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, हा धंदा जुनाच. हजेरी बायोमेट्रिक करूनही तो थांबला नाही. खरे तर अंशकालीन शिक्षण महाराष्ट्रात आहेच. ज्याच्याकडे लाखभर रुपये आहेत त्याला ते चोरून मिळते, इतकेच. आमच्या योजनेत मूल पटावर अंशकालीन म्हणूनच दिसते, निकालावर खाजगी विद्यार्थी म्हणूनच येते, आणि प्रयोगाच्या विषयांना त्याला यावेच लागते. क्लासवाल्याला हवे असते ते उलटे : निकालावर नियमित आणि वर्गात गैरहजर. त्याला या योजनेत रस वाटणार नाही. शिवाय एका संस्थेने किंवा क्लासने गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेऊ नयेत. अर्ज पालकाने किंवा विद्यार्थ्याने स्वतः हजर राहून द्यावा.

दुसरा गैरवापर शाळांकडून होईल, आणि तो जास्त वाईट. दहावीचा शंभर टक्के निकाल लावण्यासाठी नववीतल्या कच्च्या मुलांना दाखला हातात देऊन 'सतरा नंबर भरा' म्हणून वाटेला लावणाऱ्या शाळा आहेत. उद्या त्या शाळा 'अंशकालीन व्हा' म्हणतील. म्हणून दोन बंधने. आदल्या वर्षी जो विद्यार्थी ज्या शाळेच्या नियमित पटावर होता, त्याला त्याच शाळेत अंशकालीन करायचे तर मुख्याध्यापकाची सही पुरेशी धरू नये. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाच्या प्रतिनिधीने मुलाशी आणि पालकाशी, मुख्याध्यापक समोर नसताना, बोलून नोंद करावी. आणि अंशकालीन विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या निकालाच्या टक्केवारीत कधीही धरू नये. हे दुसरे बंधन दोन्हीकडून कामाला येते : कच्चे मूल घ्यायला शाळा घाबरणार नाही, आणि हुशार मुले गोळा करून टक्केवारी फुगवायचा मोहही होणार नाही.

शिक्षकांवरच्या बोजाबद्दल थोडक्यात. तासिका वाढत नाहीत, कारण मूल चालू तासालाच बसते. वाढते ते वह्या तपासणे, प्रयोगाची देखरेख आणि विषयवार हजेरी. एका खुल्या तुकडीत पाच-सहांपेक्षा जास्त अंशकालीन मुले नसावीत, या मर्यादेत हे झेपते. दहा जणांचा आकडा आम्ही वर गणितासाठी घेतला. एका तुकडीत दहा घेऊ नयेत. लिपिकाचे काम मात्र खरोखर वाढते, आणि ज्या शाळेत लिपिकाचे पद रिक्त आहे ती शाळा पहिल्या फेरीत निवडू नये.

सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात दोन शाळांपासून करावी, एक शहरातली आणि एक तालुक्याच्या गावची. छत्तीस जिल्ह्यांत ७२ शाळा. मुदत दोन शैक्षणिक वर्षे. शासन निर्णय मार्चअखेर निघाला तरच जूनच्या वेळापत्रकात पट्टा बसतो. जुलैत निघालेला निर्णय त्या वर्षापुरता वाया गेला असे समजावे. मोजायच्या गोष्टी तीनच : चार आठवड्यांनंतर किती मुले टिकली, नेमलेल्या प्रयोगांपैकी किती हाताने झाले, आणि परीक्षेला बसायचे ठरवून किती जण प्रत्यक्ष बसले. उत्तीर्णांची टक्केवारी पहिल्या वर्षी मागू नये, नाहीतर केंद्रप्रमुखापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे तिच्याच मागे लागतील.

मंडळाच्या अध्यक्षांना एक वेगळी विनंती आहे, आणि तिला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. १७ नंबरच्या ऑनलाइन अर्जात एक प्रश्न वाढवावा : 'संपर्क केंद्रात शिकायची सोय झाली, तर कोणत्या विषयांच्या तासिकांना बसाल आणि दिवसातल्या कोणत्या वेळेत?' उत्तर देणे ऐच्छिक ठेवावे. नऊ विभागीय मंडळांची उत्तरे एकत्र आली की कोणत्या तालुक्यात किती मुलांना कोणता विषय किती वाजता हवा आहे याचा तक्ता जागेवर तयार होईल, आणि ७२ शाळा कुठल्या निवडायच्या हा प्रश्न त्यातूनच सुटेल.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही मुख्याध्यापक, वेळापत्रक लावणारे शिक्षक, विज्ञान शिक्षिका आणि संपर्क केंद्रांचे काम पाहणारे लिपिक